उखळीचा सांधा आणि आजीचा खुबा

सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्थेचा पाठ आहे. त्यातला उखळीचा सांधा मी दरवर्षी हात गोल फिरवून दाखवायचो आणि पुढे सरकायचो. यंदा मात्र एक मुलगा उठला. "सर, खुब्यातपण असाच सांधा असतो ना? माझी आजी पडली. चार दिवस झाले, झोपूनच आहे."

आमच्या अकोले तालुक्यात पावसाळा म्हणजे शेवाळलेलं अंगण. आजी पहाटे तिथंच घसरली. पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, उभं राहता येत नाही. खुबा मोडल्याची ही नेहमीची खूण.

मग फळ्यावर चित्र काढलं. मांडीच्या हाडाला वर गोल डोकं, त्याखाली मान. डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं आणि त्याला रक्त मुख्यतः मानेवरच्या बारीक वाहिन्यांतून मिळतं. मान मोडून सरकली की या वाहिन्याही तुटतात. रक्तच नाही तर हाड जुळणार कसं? म्हणून म्हाताऱ्या माणसांत ते डोकं काढून धातूचं बसवतात, कधी खोबणीही बदलतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर बहुतेक वेळा रॉड-स्क्रू घालून तेच हाड जोडतात. आपण दोन्हीला 'खुबा मोडला' असंच म्हणतो. फरक एक्स-रेत कळतो.

धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी हा सांधा इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्नले यांनी १९६२ च्या सुमारास यशस्वी केला. तो पक्का बसवायचं सिमेंट मूळचं दातांच्या डॉक्टरांकडचं! मुलांना हे फार आवडलं.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "गुरुजी, ह्या वयात ऑपरेशन कशाला? तेल लावून बसंल की हाड."

पालकांनो, इथेच आपण चुकतो. मोडलेल्या हाडापेक्षा अंथरूण जास्त घातक. पडून राहिल्याने छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी धरते. म्हणून शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करतात आणि जमलं तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. जोखीम असतेच, पण नुसतं वय हे नकाराचं कारण नाही. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांच्या आईचा खुबा १९९८ मध्ये, ९७ व्या वर्षी मोडला. सांधा बदलला, त्या पुढे चार वर्षं जगल्या.

चार दिवस उलटले होते, तरी उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. खर्चाचं काय, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा म्हटलं. दुसऱ्या दिवशी आजीला लोणीला नेलं.

घरी आल्यावर उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, कमोडची खुर्ची वापरायची, असं डॉक्टरांनी बजावलंय. आजी आता ओट्यावर खुर्ची टाकून बसते आणि भाकरी खाली बसून खाऊ देत नाहीत म्हणून सगळ्यांशी भांडते.