न वापरता पेनड्राइव्ह बिघडतो कसा?

प्रश्न : माझे वडील भजनी मंडळात गायचे. त्यांच्या आवाजातले अभंग कॅसेटवर होते. सात वर्षांपूर्वी ते संगणकावर घेतले आणि पेनड्राइव्हमध्ये भरले. तो संगणक पुढे मोडीत गेला. पेनड्राइव्ह मात्र कापसात गुंडाळून कपाटात ठेवला होता, त्याला कुणी हातही लावला नाही. परवा लॅपटॉपला लावला, तर 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा' असा संदेश आला. पेनड्राइव्हमध्ये फिरणारा, झिजणारा भाग नसतो म्हणतात. मग नुसत्या पडून राहिलेल्या वस्तूला झाले काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. त्या संदेशाला होकार देऊ नका. 'रद्द करा' निवडा आणि पेनड्राइव्हवर नवे काहीही भरू नका. आता तुमच्या प्रश्नाकडे वळू.

फिरणारा भाग नसतो हे खरे, पण झिजणारा भाग असतो. पेनड्राइव्हच्या पोटात नँड फ्लॅश नावाची चिप असते. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७मध्ये जगापुढे मांडली. या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन कोंडले आहेत, यावरून तिथे काय लिहिले आहे ते वाचले जाते. वीज नसतानाही इलेक्ट्रॉन आत टिकतात, कारण कप्प्याला ऑक्साइडच्या थराची भिंत असते. ही भिंत अवघी काही नॅनोमीटर जाड. लिहिताना आणि पुसताना इलेक्ट्रॉन याच भिंतीतून जोर लावून आत-बाहेर ढकलावे लागतात. दर वेळी भिंतीला थोडी इजा होते आणि ती पाझरू लागते.

मातीचा रांजण डोळ्यांपुढे आणा. कुणी पाणी काढले नाही, तरी पाझरून त्याची पातळी उतरतेच. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट ठेवत. रांजण भरलेला की रिकामा, एवढेच पाहायचे. थोडे पाझरले तरी भरलेला रांजण ओळखू येई, आणि असा कप्पा लाखभर वेळा पुसून लिहिता येई. पण २००० साली आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हमध्ये जेमतेम ८ मेगाबाइट मावत. आज तेवढ्याच आकारात ६४ गिगाबाइट हवे असतात आणि तेही स्वस्तात. म्हणून कप्पे बारीक केले आणि एका कप्प्यात तीन बिट कोंबले. म्हणजे त्याच रांजणावर आता आठ खुणा आल्या. पातळी जराशी उतरली, तरी सहावी खूण पाचवी वाटते. अशा कप्प्यांचे आयुष्यही साधारण हजार-दोन हजार वेळा लिहिण्या-पुसण्याइतकेच असते. चिपशेजारचा कंट्रोलर अशा चुका गणिताने दुरुस्त करतो, पण काही मर्यादेपर्यंतच. उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात हा पाझर आणखी वाढतो. तिथे कापसाचा उपयोग नाही.

तरीही एकदाच भरून ठेवलेला चांगला पेनड्राइव्ह सात वर्षे सहसा तगतो. म्हणून तुमच्या बाबतीत आशेला जागा आहे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून आतली पाने जात नाहीत. पेनड्राइव्हमध्येही कोणती फाईल कुठे आहे, हे सांगणारी सूची असते. तिचे थोडे कप्पे बिघडले किंवा 'इजेक्ट' न करता पेनड्राइव्ह मध्येच उपसला, तर सूची अर्धवट राहते. मग संगणकाला अख्खा पेनड्राइव्ह कोरा वाटतो, पण अभंग आत शाबूत असू शकतात.

आता हे करून पाहा. दुसरे पोर्ट, मग दुसरा संगणक वापरा. पेनड्राइव्हची क्षमता बरोबर दिसत असेल, तर जाणकाराकडून आधी त्याची जशीच्या तशी पूर्ण प्रत काढून घ्या. त्या प्रतीवर 'टेस्टडिस्क' किंवा 'फोटोरेक' ही मोफत साधने चालवा. नावात फोटो असला, तरी फोटोरेक ध्वनिफायलीही शोधतो. सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरच उतरवा. क्षमता शून्य दिसली, पेनड्राइव्ह चटका बसण्याइतका तापला किंवा संगणकाने त्याची दखलच घेतली नाही, तर प्रयोग थांबवा. मग दोष सुटलेल्या जोडात किंवा कंट्रोलरमध्ये असू शकतो आणि ते काम डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचे आहे.

यापुढे पेनड्राइव्हकडे पिशवी म्हणून पाहा, तिजोरी म्हणून नको. इथून तिथे न्यायला तो उत्तम आहे, पण एकुलती एक प्रत त्यात ठेवू नये. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, ही छायाचित्रकारांमध्ये रुळलेली रीत घरच्या ठेव्यालाही लागू पडते. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा नुसता लावून पाहिल्याने कप्पे पुन्हा काठोकाठ भरतील, याची खात्री नसते. फायली बाहेर काढाव्यात, ऐकून पाहाव्यात आणि नव्याने लिहाव्यात.

शेवटी तुम्हालाच एक प्रश्न. मूळ कॅसेट घरात आहे का? असेल तर आज माळा शोधा. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती वाजवू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. फीत स्वच्छ असेल, तर पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्डिंग चालू ठेवा. पेनड्राइव्हने दगा दिला, तरी वडिलांचा आवाज त्या फितीवर अजून असू शकेल.