क्षमा कोणाजवळ मागायची?



1972-73 साली आपल्या शहादा परिसरात जे घडले ते काही घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. श्रमिक संघटनेची चळवळ जमीन आणि मजुरीसाठी होती. पण आदिवासी स्त्रियांनी तिच्यात दारूचा प्रश्नही आणला. त्यांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. एखादा नवरा बायकोला मारतो असे कळले, की त्या जमत, त्याला चोप देत आणि सर्वांसमोर बायकोची क्षमा मागायला लावत.

चोप देण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. बळजबरीने वदवलेली क्षमायाचना हा पश्चात्तापही नव्हे. परंतु एक गोष्ट त्या स्त्रियांना नेमकी कळली होती. अपराध जिचा केला, क्षमा तिच्याजवळ मागायची.

प्रभू येशूही हेच सांगतो. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे मन आपण दुखावले आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा (मत्तय 5:23-24). प्रायश्चित्त संस्कारात देवाची क्षमा खरोखर मिळते. पण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांबरोबर शेजाऱ्याच्या हानीची शक्य तेवढी भरपाईही करावी लागते. चोरलेले परत करायचे, बदनामी केली असेल तर ती पुसायची. मग मार खाल्लेल्या पत्नीला एक शब्दही न बोलता ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत उभे राहायचे, हे कसे चालेल? (येथे आम्ही कोणाच्या पापनिवेदनाविषयी बोलत नाही. ते धर्मगुरूच्या ओठांवर कधीच येत नसते.)

पुढाऱ्यांना हे अधिक जड जाते. शौल आणि दावीद हे दोघेही राजे. ‘मी पाप केले’ असे दोघांनीही म्हटले. पण शौलाने आधी दोष लोकांवर ढकलला. नंतर पाप कबूल केले तेही, वडीलमंडळींपुढे माझा मान राख अशी शमुवेलाला गळ घालत (1 शमुवेल 15). नाथानाने दाविदाला त्याचा अपराध दाखवला तेव्हा दाविदाने एकही सबब सांगितली नाही (2 शमुवेल 12). शब्द तेच, पण शौलाचा जीव पापापेक्षा मानात अडकला होता. धर्मग्राम परिषदेचे सभासद, प्रचारक, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनी आणि आम्ही धर्मगुरू, सर्वांना शौलाची वाट सोपी वाटते. हिशेबात चूक सापडली की पहिले वाक्य ‘मला कोणी सांगितलेच नाही’ हेच असते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 12 मार्च 2000 रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. 28 मार्च 2014 रोजी पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या महामंदिरात सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे पापनिवेदनासाठी गुडघे टेकून बसले. त्यामुळे त्यांचा मान कमी झाला असे आम्ही कोणाकडूनही ऐकले नाही.

येत्या शनिवारी सायंकाळी मिस्सापूर्वी पापनिवेदनाची सोय आहे. ज्यांच्या घरात बोलायचे राहून गेले आहे त्यांनी शुक्रवारी रात्री घरी बोलून घ्यावे, मग यावे.