परसातला फणस

फणस आपला, परसही आपले. मग तोडायला परवानगी कशाला? मलाही असेच वाटायचे. गुरुजींनी सांगितले, १९६४ सालच्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात झाडांची यादी आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, ऐन त्यात येतात. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आपल्या तालुक्यातल्या खोपोलीत नगरपरिषद आहे. तिथे शहरांसाठीचा १९७५ चा कायदा चालतो. त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. ५० वर्षे किंवा जास्त वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची. साठ वर्षांच्या आंब्याला साठ रोपे!

गावाला हा नियम नाही. तरी मी आजीला आमच्या फणसाचे वय विचारले. ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा तो फळत होता."