काटा खाली, इंजिन मात्र उकळतंय : थर्मिस्टरचा एक पाठ



नववीला 'धाराविद्युत' शिकवताना रोध समजावायला मी कित्येक वर्षं निक्रोमची तार आणि दोन सेल घेऊन वर्गात जात होतो. यंदा उदाहरण बदललं. कारण माझा भाचा आणि त्याची म्हातारी गाडी.

भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये शिकतो. सुट्टीतल्या कामाचे पैसे साठवून त्याने १९९० सालची माझदा एमएक्स-५ घेतली. माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, पण ही दोनच सीटची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. इंजिन १.६ लिटरचं, ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जूनमध्ये एकदा पहाटे साडेचारला फोन. तिकडे संध्याकाळचे सहा.

"मामा, झोपला होतास?"

"नाही रे, तुझ्याच फोनची वाट बघत होतो. बोल."

"सिग्नलला उभा होतो आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. बाजूला घेतलीये गाडी. पण मीटरचा काटा एकदम खाली आहे, 'सी'वर. म्हणजे इंजिन थंड आहे ना? झाकण उघडून पाणी बघतो."

मी जवळजवळ ओरडलोच, "हात लावू नकोस!" आमची मंडळी दचकून उठली.

रेडिएटरचं झाकण आणि घरचा कुकर यांचं तत्त्व एकच. झाकण आत साधारण ०.९ बार जास्तीचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १००ला न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब गेला, आणि ११० अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शिट्टी न काढता कुकर उघडायचा नाही, हे आपण घरात शिकवतो. गाडीसमोर उभा राहिला की तोच मुलगा ते विसरतो. त्याला गाडी बंद करून तासभर लांब उभं राहायला सांगितलं. "आईला सांगू नकोस," म्हणाला. ताईला सांगायची माझीही हिंमत नव्हती.

त्या तासाभरात मी त्याला दोन प्रश्न विचारले. पहिला : हायवेला गरम होते का? "नाही, फक्त थांबलो की." हा धागा महत्त्वाचा. गाडी पळते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. उभी राहिली की सगळी भिस्त विजेच्या पंख्यावर. थांबल्यावर तापते म्हणजे आधी पंखा बघा. उलट हायवेला तापली असती तर रेडिएटर तुंबलाय का, पाण्याचा पंप बरा आहे का, खालचं प्लॅस्टिकचं पान गळून पडलंय का, हे बघावं लागलं असतं. ते पान वारा रेडिएटरकडे वळवतं. जुन्या गाड्यांवर ते बरेचदा नसतंच.

दुसरा प्रश्न : काटा कधीपासून खाली आहे? तो थोडं थांबून म्हणाला, "मे महिन्यात गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट आणि पाण्याचे पाइप बदलले, तेव्हापासून. मला वाटलं काम चांगलं झालंय, इंजिन थंड राहतंय."

इथे मला हसूही आलं आणि काळजीही वाटली. या गाडीत एकाच पाण्यावर तीन वेगळी उपकरणं आहेत, हे फार थोड्या मालकांना माहीत असतं. इंजिनाच्या मागच्या टोकाला एका तारेचा सेन्सर, तो फक्त मीटरचा काटा हलवतो. त्याच्या जवळच दोन तारांचा दुसरा, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला तापमान सांगतो. आणि पुढे थर्मोस्टॅटपाशी पंख्याचा स्विच : पाणी तापलं की तो जोडला जातो आणि पंखा सुरू होतो.

काट्याच्या सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, नेहमीच्या तारेच्या बरोबर उलट. कॉम्प्युटरच्या सेन्सरमध्येही तोच. त्याचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना जेमतेम तीनशे. आता मुलांना विचारा : तार निघाली तर रोध किती? अनंत. धारा शून्य. म्हणजे मीटरच्या हिशेबाने इंजिन बर्फासारखं गार! काटा खोटं बोलत नव्हता, त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नव्हता. (आणखी एक गंमत : पाणीच उडून गेलं तर जोडलेला सेन्सरही कोरडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी उतरू शकतो.)

इंजिन निवल्यावर व्हिडिओ कॉलवर तपासणी झाली. बोनेटखालच्या डायग्नोसिसच्या छोट्या डबीत 'टीएफए' आणि 'जीएनडी' ही दोन टोकं चावी चालू ठेवून वायरच्या तुकड्याने जोडली. पंखा घुर्रकन फिरला. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज ठीक, घोटाळा स्विचकडे. टॉर्च मारला तर थर्मोस्टॅटपाशी स्विचची तार नुसती लोंबत होती. मागे काट्याची तारही तशीच. ती क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली, काटा सरळ 'एच'वर. म्हणजे मीटरही ठीक. काम करणाऱ्याने दोन्ही तारा काढल्या आणि लावायच्या राहून गेल्या. दोन टिचक्या, दोष संपला.

गाडीचा धोका मात्र संपला नव्हता. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. फार तापलं तर हेड वाकतं, मधलं गॅस्केट जातं आणि विद्यार्थ्याच्या खिशाला न झेपणारा खर्च येतो. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरून, हीटर पूर्ण चालू ठेवून हवा काढली. (बाहेर ३८ अंश आणि गाडीत हीटर, चेहरा बघण्यासारखा होता.) मग आठवडाभर तो रोज सकाळी पाण्याची पातळी बघायचा, ऑइलचा रंग दुधाळ होतोय का ते बघायचा आणि मला फोटो पाठवायचा. पातळी टिकली, ऑइल स्वच्छ राहिलं. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मात्र जुनाट होऊन तपकिरी पडली होती. ती फुटायच्या आधीच त्याने रेडिएटर बदलला.

वर्गात हेच करायला दहा किलोओहमचा थर्मिस्टर, मल्टिमीटर आणि गरम पाण्याचा पेला पुरतो. थर्मिस्टरची टोकं टेपने झाकून घ्या. २५ अंशांना दहा हजार ओहम, ५० अंशांना साडेतीन हजारांच्या आसपास दिसतील. तक्ता भरून झाला की मुलांना न सांगता एक तार सोडवा आणि तापमान विचारा. माझ्या वर्गात तिघांनी "खूप थंड" लिहिलं. एका मुलीने उत्तराची जागा कोरी सोडली आणि उठून तार बघायला आली.

पुढच्या तासाला एक प्रश्न द्या : तार निघाली तर पंखा बंद राहावा की कायम चालू राहावा? आता बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा संपर्क तुटला की पंखा आपोआप पूर्ण वेगाने फिरतो. तसं का केलं असेल, यावर आमच्याकडे अर्धा तास भांडण झालं, आणि बॅटरी उतरेल म्हणणारा गट अजून मागे हटलेला नाही.