शिक्षक पात्रता परीक्षा : नव्या शिक्षकांच्या यशापयशाची कारणे



महाड नगरपालिकेने सार्वजनिक तळी सर्वांस खुली करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी आपल्या समाजाच्या ओंजळीत यावयास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावरचा हक्क आपोआप हाती येत नाही, हा आपल्या गावचाच धडा. डी.एड. झालेली आपली मुलेमुली पात्रता परीक्षेच्या दाराशी अडतात, तेव्हा तो पुन्हा आठवतो.

शिक्षण हक्क कायद्यानंतर २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही परीक्षा आवश्यक झाली. महाराष्ट्रात ती डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. उत्तीर्णांचे प्रमाण बहुधा एकेरी टक्क्यांतच राहिले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, असा निर्णय दिला.

अपयशाचे पहिले कारण गणित व इंग्रजी. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित व परिसर अभ्यास यांचे प्रत्येकी ३० गुण असतात. एकूण १५० पैकी खुल्या प्रवर्गास ९० व आपणांस ८२ गुण लागतात. गणित व इंग्रजीत आठ-आठ गुण मिळाले, तर उरलेल्या तीन विषयांत ६६, म्हणजे प्रत्येकी २२ गुण मिळवावे लागतात. म्हणजेच नावडते दोन विषय सोडून दिले, की सवलतीचे आठ गुणही तारत नाहीत.

दुसरे कारण घोकंपट्टी. बालमानसशास्त्रात केवळ व्याख्या विचारीत नाहीत; वर्गातील प्रसंग देऊन शिक्षकाने काय करावे, असे विचारतात. तिसरे कारण वेळ. १५० मिनिटांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तरी कित्येक जण प्रश्न कोरे ठेवतात.

चौथे कारण परिस्थितीचे. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या किंवा पोलादपूरच्या वाडीवस्तीवर राहणाऱ्या उमेदवारास शिकवणी परवडत नाही, आणि घरात मार्ग दाखविणारे कोणी नसते. ही उणीव बुद्धीची नाही, सोयीची आहे. आणि सोय समाजाने करावयाची असते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरवावा. बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तके तेथे ठेवावीत. सेवेतील शिक्षकांनी गणित व इंग्रजी शिकवावे. त्यांचीही उजळणी होईल. महिन्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा, आणि चुकलेले प्रश्न वहीत उतरवून सर्वांनी मिळून तपासावेत.

पैसे देऊन पास करण्याचे आमिष दाखविणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. २०१९ च्या परीक्षेतील गैरप्रकारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य दिशेने नेटाचा प्रयत्न, सांगितला आहे. परीक्षेलाही तोच मार्ग लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!