टाळी, दोन मोबाईल आणि वहीतलं ३४६



दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. पाठ होता 'ध्वनीचा अभ्यास'. सहा गट, सहा वह्या, आणि सहाही वह्यांत शेवटी एकच उत्तर: हवेतील ध्वनीचा वेग = ३४६ मी/से. खाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ. विज्ञान शिकवणाऱ्यांना हे दृश्य काही नवं नाही. उत्तर पुस्तकाशी जुळलं की आपण बरोबरची खूण करतो, सही करतो, पुढची वही घेतो. या वेळी मात्र माझा हात थांबला, कारण ही सहाही उत्तरं खोटी आहेत हे मला कळलं होतं. ते कसं कळलं हे सांगण्याआधी प्रयोग सांगते. तो तुम्हाला उद्यासुद्धा करता येईल.

त्यासाठी आम्ही फायफॉक्स नावाचं मोफत ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने ते तयार केलं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्या मोबाईलमध्ये माईक, त्वरण मोजणारा संवेदक, बऱ्याच फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदकही असतो. हे ॲप त्यांनाच मोजमापाची साधनं बनवतं. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेटवर्कचा जो आनंद आहे, तो पाहता माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट होती. फोनही दोनच लागले, एक माझा आणि एक गणिताच्या सरांचा. मुलांपैकी कुणालाही घरून फोन आणायला सांगितलं नाही.

ॲपमध्ये 'अकूस्टिक स्टॉपवॉच' आहे. मोठा आवाज झाला की हे घड्याळ सुरू होतं, दुसरा आवाज झाला की थांबतं. दोन फोन बरोबर ५ मीटर अंतरावर जमिनीवर ठेवायचे, प्रत्येक फोनपाशी एकेक विद्यार्थी. पहिल्याने टाळी वाजवली की त्याच्याजवळचा फोन लगेच सुरू होतो, दूरचा फोन आवाज तिथे पोचल्यावर सुरू होतो. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता दुसरा फोन लगेच थांबतो आणि पहिला थोडा उशिरा. म्हणजे पहिल्या फोनवर वेळ थोडी जास्त दिसणार. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला एकदा जायला आणि एकदा यायला, मिळून १० मीटर कापायला लागलेला वेळ. यातली गंमत लक्षात घ्या: प्रत्येक फोन फक्त स्वतःपुरता काळ मोजतो, त्यामुळे दोघांची घड्याळं एकमेकांशी जुळवत बसावं लागत नाही. ही युक्ती मुलांना सांगू नका, फळ्यावर आकृती काढून त्यांनाच शोधू द्या. आमच्या वर्गात त्याला अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास सत्कारणी लागला.

उदाहरण घेऊ. पहिला फोन २.४१८ सेकंद दाखवतो, दुसरा २.३८९. फरक ०.०२९. दहाला ०.०२९ ने भागलं की ३४४.८ मी/से.

आता वह्यांकडे येते. आमच्या फोनच्या पडद्यावर दशांश चिन्हानंतर तीनच आकडे दिसत होते. फरक ०.०२९ आला तर वेग ३४४.८ येतो, ०.०२८ आला तर ३५७.१. अधेमधे काही नाही. ५ मीटर अंतर ठेवून एका वाचनातून ३४६ हे उत्तर येऊच शकत नाही! मुलांनी काय केलं होतं? पुस्तकातल्या तक्त्यात २५ अंश सेल्सिअसला हवेतला वेग ३४६ दिलाय. तो घेऊन उलटा भागाकार केला आणि वहीत फरक लिहिला ०.०२८९. चौथा आकडा आला कुठून? तो फोनने दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी रागावले नाही, फक्त हा हिशेब फळ्यावर मांडला. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचं ४३५ आलं होतं. ते कसं लिहिणार?" आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "मागच्या वर्षी घनतेच्या प्रयोगात माझं उत्तर पुस्तकासारखं नव्हतं, तेव्हा तुम्ही लाल गोल केला होता."

केला होता. मला आठवत नव्हता, तिला आठवत होता. तिने मापं प्रामाणिकपणे घेतली असतील की नाही हे मी विचारलंही नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला नवीन ॲपचं कौतुक वाटेनासं झालं. हातात जर्मनीचं ॲप द्या नाहीतर लाकडी पट्टी द्या, मुलांना ठाऊक होतं की बाईंना ३४६ हवंय, आणि त्यांनी मला ते दिलं.

मग त्यांना न्यूटनची गोष्ट सांगितली. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'मध्ये ध्वनीचा वेग निव्वळ गणिताने काढला, पण तो प्रत्यक्ष मोजमापापेक्षा बराच कमी येत होता. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत विल्यम डरहॅम या पाद्र्याची मापं हाती आली होती. चर्चच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीतून दूरवरच्या तोफेचा झोत बघायचा आणि आवाज पोचेपर्यंतचा वेळ मोजायचा, अशी त्याची पद्धत. त्याचा वेग आला सेकंदाला ११४२ फूट, म्हणजे सुमारे ३४८ मीटर. न्यूटनचं गणित सांगत होतं ९७९ फूट. मग न्यूटनने काय करावं? हवेचे कण स्वतः काही जागा व्यापतात आणि तेवढी जागा ओलांडायला आवाजाला वेळ लागत नाही, असं म्हणून एक नववा भाग वाढवला. आकडा झाला १०८८. मग हवेतली वाफ या कंपनात भाग घेत नाही असं म्हणून एकविसास वीस या प्रमाणात आणखी वाढवला. झाले बरोब्बर ११४२! मुलं हसली. "मॅडम, न्यूटननेही उलटा भागाकार केला?" जवळजवळ तसंच. खरं कारण लाप्लासने १८१६ मध्ये दाखवलं: ध्वनीमुळे हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि त्यामुळे वेग वाढतो. ९७९ आणि ११४२ मधली ती फट कुणीतरी उघडी ठेवली म्हणूनच हे कारण सापडलं.

आम्ही प्रयोग पुन्हा केला. या वेळी नियम एकच: पडद्यावरचा आकडा पेनाने लिहायचा, खोडायचा नाही, आणि विचित्र वाटला तर शेजारी त्या वेळी काय घडलं ते लिहायचं.

४३५ वाल्या गटाचा फरक पुन्हा ०.०२३ च्या आसपासच आला. म्हणजे चूक घाईगर्दीची नव्हती, एकसारखी होती, आणि एकसारखी चूक सापडू शकते. त्यांना सांगितलं की एकाने नुसतं बाजूला उभं राहून सगळं बघा. दहा मिनिटांनी बघणारी मुलगी धावत आली. त्यांचा एक फोन भिंतीला लागून ठेवला होता. मागे उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून टाळी वाजवणारा मुलगा फोनच्या पुढे, दुसऱ्या फोनच्या दिशेने एक मीटर आत उभा राहत होता. आकृती काढून बघा: त्याच्या टाळीला जवळच्या फोनपर्यंत १ मीटर आणि दूरच्यापर्यंत ४ मीटर, म्हणजे फरक ५ ऐवजी ३ मीटरचा. परतीचे ५ धरून एकूण ८. ८ ला ०.०२३ ने भागा. ३४७.८! त्या गटाने केलेला आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. आधी उलटा भागाकार करून लपवलं होतं तेच ४३५ आता सगळ्या गटांना बघायचं होतं.

मग एकाने विचारलं की अंतर वाढवलं तर? ५ मीटरवर एका मिलिसेकंदाने उत्तर बारा मीटरने हलतं. म्हणून आम्ही मैदानावर २० मीटर घेतलं. तिथे टाळी पुरेना. लाकडी फळीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तेव्हा काम झालं. वाऱ्याची झुळूक माईकवर आली की घड्याळ आपोआप सुरू व्हायचं, मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळंच मुसळ केरात. ॲपमध्ये 'थ्रेशोल्ड' म्हणून एक आकडा असतो, किती मोठा आवाज झाला तर घड्याळ हलावं हे त्यावर ठरतं. तो मैदानावर दोन-तीन वेळा कमीजास्त करावा लागतो. दोन टाळ्यांमध्ये सेकंदभर थांबायलाही सांगा. शेवटी पाच वाचनं मिळाली: ०.११३, ०.११६, ०.११४, ०.११७, ०.११४. सरासरी ०.११४८, वेग ३४८.४. सावलीतला तापमापक ३१ अंश दाखवत होता. तापमान एका अंशाने वाढलं की वेग साधारण ०.६ मी/से ने वाढतो. शून्य अंशाला ३३१ धरून ३१ अंशाला सुमारे ३४९.६ यायला हवा. म्हणजे आमच्या मैदानासाठी ३४६ हे बरोबर उत्तर नव्हतंच!

इतर साधनंही मी वापरते. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, दीक्षावरचे व्हिडिओ, पडद्यावर ओढून-ताणून बघायच्या भूमितीच्या आकृत्या. वाईट नाहीत. पण व्हिडिओत कुणाचंच ४३५ येत नाही. तिथला प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी होतो, आणि मुलं तो बघून मान डोलावतात. नवीन साधन हाती आलं की आता मी आधी एवढंच बघते, की यात माझ्या विद्यार्थ्याला चुकायला आणि ती चूक शोधायला जागा आहे का.

पालकांशी दोन शब्द. एका ताईंनी विचारलं, "घरी मोबाईल सोडत नाही, आता शाळेतपण?" त्यांची काळजी खरी आहे. इथे चाळीस मुलांमध्ये दोन फोन होते, तेही आमचे, आणि बराचसा वेळ ते जमिनीवर पडून होते. घरी करून बघायचं असेल तर मोठ्यांनी आपला फोन द्यावा आणि सोबत बसावं. ॲप माईकची परवानगी मागतं, ती का लागते हे मुलांना समजावून सांगा. आणि वही बघाल तेव्हा "उत्तर बरोबर आलं का?" याआधी "पहिल्यांदा किती आलं होतं?" असं विचारून बघा.

गुणांचं म्हणाल तर मी ते बदलले. दहापैकी उत्तराला दोनच, कच्च्या नोंदींना चार, चूक कुठे झाली असेल याच्या तर्काला चार. मागच्या बाकावरच्या त्या मुलीची घनतेची वही मागवली, लाल गोलाशेजारी "मापं पुन्हा घेऊ" असं लिहून सही केली. ती अजून घ्यायची आहेत.

जानेवारीत थंडी पडली की सकाळी सातला, पारा १६ च्या आसपास असताना, तेच २० मीटर पुन्हा मोजायचं ठरलंय. हिशेबाने फरक ०.११७ यायला हवा, म्हणजे ऑक्टोबरपेक्षा जेमतेम अडीच-तीन मिलिसेकंद जास्त. आमची वाचनंच चार मिलिसेकंदांनी इकडेतिकडे होतात, मग तो दिसणार का? एका गटाचं म्हणणं आहे की दिसणार नाही. दुसऱ्या गटाने सांगितलंय, पाचऐवजी तीस वाचनं घेऊ. फळीचे तुकडे कपाटात जपून ठेवले आहेत.