वेलगुलाब : इतिहास आणि संगोपन

फुलझाडांचा इतिहास हा केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय नाही. तो माणसांच्या श्रमाचाही इतिहास आहे. आज प्रत्येक रोपवाटिकेत दिसणारा ‘हायब्रिड टी’ गुलाब याचे उत्तम उदाहरण होय. लांब दांडा, टोकदार कळी आणि एका दांड्यावर बहुधा एकच मोठे फूल, ही त्याची ओळख. या जातीचे जे जुने वेलरूप आहे, त्याचा परिचय व लागवडीची पद्धत प्रस्तुत लेखात दिली आहे.

१८६७ साली फ्रान्समधील लियाँ येथील गिलो यांनी ‘ला फ्रान्स’ हा गुलाब प्रसिद्ध केला. तो पहिला हायब्रिड टी मानला जातो आणि जुन्या व आधुनिक गुलाबांमधील सीमारेषाही त्याच वर्षावर आखली जाते. पुढे इंग्लंडमधील हेन्री बेनेट या पशुपालकाने गुरांच्या पैदाशीतील पद्धतशीर संकराचे तत्त्व गुलाबाला लावले आणि १८७९ साली आपले संकरित गुलाब लोकांपुढे ठेवले. ही नावे ग्रंथांत नोंदलेली आहेत. परंतु वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण युरोपीय गुलाबांत आला तो प्रामुख्याने चीनमधील गुलाबांकडून. तेथील माळ्यांनी पिढ्यानपिढ्या तो गुण निवडून जोपासला. त्या माळ्यांची नावे मात्र कोठेच नाहीत. या घराण्याचा एक मूळ पूर्वज, ‘रोझा जायजँटिया’ हा रानटी वेलगुलाब, आपल्या मणिपूरमध्येही आढळतो. जॉर्ज वॅट यांनी १८८२ साली तेथे त्याची नोंद केली.

आता मुख्य प्रश्न असा की झुडूपवजा हायब्रिड टी गुलाबाची वेल होते कशी? कधी कधी झुडपाच्या एखाद्याच डोळ्यात नैसर्गिक बदल घडतो आणि त्यातून दहा-बारा फुटांचा लांब धुमारा निघतो. त्या धुमाऱ्याचे डोळे भरले की नवे वेलरूप मिळते. ‘एत्वाल द ओलांद’ हा लाल गुलाब १९१९ सालचा, तर त्याचे वेलरूप १९३१ सालचे. ‘क्रिमसन ग्लोरी’ व ‘पीस’ यांचीही अशीच वेलरूपे आहेत. यामागील कारण उद्बोधक आहे. फुलण्यावर लगाम ठेवणारे जनुक सतत फुलणाऱ्या गुलाबांत निकामी झालेले असते. ‘ओल्ड ब्लश’ या चिनी गुलाबाच्या वेलरूपात ते अंशतः पुन्हा कार्यरत झाल्याचे संशोधनात आढळले आहे. लगाम बसला की झाडाची शक्ती फांदी वाढविण्याकडे वळते. म्हणूनच अशा वेली पहिला बहर भरभरून देतात आणि नंतर थोड्याच फुलतात.

लागवडीसाठी किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. भिंतीपासून सुमारे दीड फूट अंतरावर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी साचू देऊ नये. गुलाबाला ताणे नसतात, तो स्वतः आधार धरीत नाही. म्हणून भिंतीवर दीड-दीड फुटांवर आडव्या तारा ओढाव्यात व फांद्या सुतळीने सैल बांधाव्यात.

येथे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. पहिला, सुरुवातीची दोन वर्षे वाळलेल्या व रोगट काड्यांखेरीज काहीही छाटू नये. कोवळ्या वयात कठोर छाटणी झाल्यास वेल पुन्हा झुडूप होऊ शकते, असा जाणकारांचा अनुभव आहे. दुसरा नियम, मुख्य फांद्या सरळ वर जाऊ न देता आडव्या वळवाव्यात. उभ्या फांदीचा शेंडा खालचे डोळे दाबून ठेवतो, त्यामुळे फुले केवळ टोकालाच येतात. फांदी आडवी केली की तिच्यावरील अनेक डोळे फुटतात आणि प्रत्येक आखूड फांदीवर फूल येते.

तिसऱ्या वर्षापासून, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटाव्यात आणि सर्वांत जुनी एखादी मुख्य फांदी तळातून काढावी. साधारण दीड-दोन महिन्यांत बहर येतो. कलमाच्या सांध्याखालून येणारे खुंटाचे फुटवे वेळीच काढावेत, अन्यथा मूळ जात दबून जाते. पावसाळ्यात पानांवरील काळे ठिपके व थंडीत भुरी यांवर लक्ष ठेवावे. रोगट पाने वेचून नष्ट करावीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे वेलगुलाब बियांपासून तसेच्या तसे उतरत नाहीत. त्यांचे प्रत्येक रोप हे पहिल्या बदललेल्या डोळ्याचाच अंश असते. शेवटचे रोप वाळले की ती जात कायमची संपते. रोपवाटिका खपणाऱ्या जातीच ठेवतात; त्यामुळे जुन्या जातींचे रक्षण घरोघरच्या अंगणांवरच अवलंबून आहे. आपल्या अंगणात, गावातील जुन्या वाड्यात किंवा एखाद्या शाळेच्या कुंपणावर असा जुना वेलगुलाब असेल, तर त्याची चार डोळ्यांची काडी शेजाऱ्याला द्यावी आणि जातीचे नाव ठाऊक असल्यास तेही लिहून द्यावे. चीनच्या माळ्यांची नावे हरवली, पण त्यांनी राखलेला गुण हातोहात आपल्यापर्यंत पोचला. तो पुढे पोचविणे आता आपल्या हाती आहे.